बदलापूर-पनवेल पट्ट्यात एकट्या माणसासाठी परवडणारा आरोग्यविमा: निवड कशी करायची?

गारवेल
वय ३४. स्वतंत्र व्यवसाय, त्यामुळे कंपनीचा ग्रूप विमा नाही. राहणं बदलापूर पश्चिमेला, नव्या वस्तीत. पॉलिसी फक्त एकटीसाठी हवी आहे. प्रश्न असे:
१. विम्याची रक्कम ५ लाख घ्यावी की १०?
२. पिनकोडवर प्रीमियम बदलतो का?
३. आजूबाजूची हॉस्पिटलं नवी आणि छोटी आहेत. तिथे कॅशलेस (बिल कंपनी थेट हॉस्पिटलला देते ते) चालतं का?
४. थायरॉइडची गोळी रोज चालू आहे. फॉर्ममध्ये लिहावी का? एजंट म्हणतो, "एवढ्याशा गोष्टीला काय लिहायचं!"
कंपन्यांची नावं नकोत. कुठल्या क्रमाने बघायचं तेवढं सांगा.

हिशेबनीस
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतील. सगळे आधी प्रीमियमची तुलना करतात आणि हॉस्पिटल शेवटी बघतात. जुन्या शहरात ते खपून जातं, नव्या वस्तीत नाही.

अर्ध्या तासात पोहोचता येतील अशी पाच-सहा हॉस्पिटलं कागदावर लिहा. ट्रॅफिक धरून अर्धा तास, नकाशावरचा नाही. शिवाय निदान दोन मोठी हवीत, थोडी लांब असली तरी चालतील, म्हणजे आयसीयू आणि कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय) असलेली. ती कल्याण-डोंबिवली, ठाणे किंवा नवी मुंबईत निघतील. मग प्रत्येक ठिकाणी रिसेप्शनला नाही, टीपीए डेस्कला विचारा (हॉस्पिटलातलं विम्याचं काउंटर; छोट्या ठिकाणी बिलिंग काउंटर):

- नर्सिंग होम नोंदणी चालू आहे का? महाराष्ट्रात ही नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. प्रमाणपत्र बहुधा काउंटरमागे गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलेलं असतं. क्रमांकाखालची वैधतेची तारीख वाचा.
- रोहिणी क्रमांक आहे का? विमा कंपन्यांच्या सामाईक हॉस्पिटल-नोंदवहीतला हा १३ अंकी क्रमांक आहे. तो नसेल तर कॅशलेसची बोलणी तिथेच अडतात.
- कोणकोणत्या कंपन्यांचं कॅशलेस *आज* चालू आहे? कंपनीच्या वेबसाइटवरची यादी मागे राहते. करार संपलेलं हॉस्पिटल महिनोन्महिने तिथे दिसत राहतं.
- जनरल, ट्विन शेअरिंग आणि सिंगल रूमचे दर काय? छापील दरपत्रकाचा फोटो घ्या.

चार-पाच ठिकाणी जी कंपनी चालते, तिच्याच पॉलिसी पुढे तुलनेला घ्यायच्या. बाकीच्या कितीही स्वस्त असोत.

क्लेमडेस्क
वरच्याला एक पुरवणी. पॉलिसीत 'हॉस्पिटल' या शब्दाची व्याख्या असते, तीच इकडच्या पट्ट्यात नडते. स्थानिक नोंदणी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर सगळ्या अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: १० लाखांखालच्या लोकवस्तीच्या गावात किमान १० खाटा, त्याहून मोठ्या शहरात १५, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. म्हणजे बदलापूरला १० खाटा पुरतात, कल्याण-डोंबिवलीला १५ लागतात. नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आठ खाटा टाकून उघडलेलं नर्सिंग होम आणि नोंदणी 'प्रोसेसमध्ये', असं असेल तर रीइम्बर्समेंटसुद्धा (आधी आपण भरून नंतर कंपनीकडून परत घेणं) मिळणार नाही.

दुसरं, प्रत्येक कंपनीची वगळलेल्या हॉस्पिटलांची वेगळी यादी असते. तिथलं बिल मिळत नाही. अपवाद फक्त जिवावरच्या प्रसंगाचा किंवा अपघाताचा, आणि तोही प्रकृती स्थिर होईपर्यंतच्या खर्चापुरता. ही यादी वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात सापडते. नेटवर्कची (कॅशलेसचा करार असलेल्या हॉस्पिटलांची) यादी सगळे बघतात, ही कोणी उघडत नाही.

तळटीप
प्रश्न २: हो, बदलतो. बऱ्याच कंपन्यांनी शहरांचे दोन किंवा तीन झोन पाडलेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई बहुधा सगळ्यांत महाग झोनमध्ये. गोंधळ होतो तो कडेच्या गावांचा. एक कंपनी जिल्हा बघते, तिला बदलापूर म्हणजे ठाणे जिल्हा, म्हणजे पहिला झोन. दुसरी पिनकोड बघते आणि तोच पत्ता खालच्या झोनमध्ये टाकते. त्यामुळे एकाच पत्त्यावर दोन कंपन्यांच्या प्रीमियममध्ये फरक दिसला तर आधी झोन विचारा, फायद्यांची तुलना नंतर.

स्वस्त झोन दिसला की लगेच खूश होऊ नका. काही पॉलिसींत खालच्या झोनचा प्रीमियम भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले तर १० ते २० टक्के को-पे (क्लेममधला आपण भरायचा वाटा) लागतो. बदलापूरच्या माणसाचं मोठं ऑपरेशन ठाण्याला किंवा मुंबईलाच होणार. ३ लाखांच्या क्लेमवर २० टक्के म्हणजे ६० हजार खिशातून. वर्षाला वाचलेल्या पैशांत ते भरून यायला किती वर्षं लागतील याचा हिशेब करा. झोनचा को-पे नसलेली किंवा थोडे जास्त भरून काढून टाकता येणारी पॉलिसी बघा.

गावाकडचा पत्ता देऊन स्वस्त झोन घ्यायचा सल्ला बरेच जण देतात. देऊ नका. हॉस्पिटलच्या केसपेपरवर राहता पत्ता लिहिला जातो आणि तो क्लेमच्या फाइलमध्येच जातो.

गारवेल
झोनचा को-पे कोणीच सांगितला नव्हता. पॉलिसीच्या कागदात तो कुठे लिहिलेला असतो?

तळटीप
ग्राहक माहितीपत्रकात. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत ठरावीक नमुन्यातलं हे पत्रक द्यावं लागतं: काय मिळतं, काय मिळत नाही, वेटिंग (सुरुवातीचा ज्या काळात ठरावीक आजारांचे पैसे मिळत नाहीत तो), मर्यादा, तक्रार कुठे करायची. मराठीत मागितलं तर मराठीत द्यायला हवं. खरेदीच्या *आधी* मागा. देताना जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून पॉलिसी घेऊ नये, एवढं माझं साधं गणित.

क्लेमडेस्क
आता रूम रेंट, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथे कापले जातात आणि का कापले ते शेवटपर्यंत कळत नाही. समजा ५ लाखांच्या पॉलिसीत रूमची मर्यादा दिवसाला ५,००० आणि को-पे ५ टक्के आहे. रूम घेतली ८,००० ची, मुक्काम चार दिवस.

रूम: ३२,०००
सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग: १,२०,०००
औषधं: ४०,०००
तपासण्या: १८,०००
एकूण: २,१०,०००

लोकांना वाटतं, रूमचे वरचे १२,००० आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. ५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५ टक्के. हेच प्रमाण सर्जन, ओटी वगैरेंनाही लागतं. म्हणजे रूमचे २०,०००, सर्जन-ओटीचे ७५,०००, औषधं ४०,००० आणि तपासण्या १८,००० पूर्ण. झाले १,५३,०००. त्यातून ५ टक्के को-पे ७,६५० गेला. हातात १,४५,३५०. खिशातून ६४,६५०.

२०२० च्या नियमानुसार औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या या प्रमाणात कापता येत नाहीत. आयसीयूच्या चार्जलाही ही कपात लागत नाही. आणि रूमनुसार दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलातही ती लावता येत नाही. सेटलमेंट लेटरमध्ये औषधांवर ६२.५ टक्के दिसले तर लेखी हरकत घ्या.

म्हणून हिशेबनीस यांनी सांगितलेला दरपत्रकाचा फोटो जपून ठेवा. पॉलिसीतली रूमची मर्यादा आणि तो फोटो शेजारी-शेजारी ठेवले की पाच मिनिटांत निकाल लागतो. 'सिंगल प्रायव्हेट ए.सी. रूम' असं वर्णन असलेली किंवा मर्यादाच नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, पण ठाण्या-मुंबईच्या हॉस्पिटलात जायचं असेल तर तेवढे द्यावेत.

निवांत
मग आरोग्य संजीवनी वाईट म्हणायची का? सगळ्यांत स्वस्त तीच दिसते.

क्लेमडेस्क
वाईट नाही, ती कुठे पुरते ते कळलं पाहिजे. २०२० पासून प्रत्येक कंपनीत हीच एक प्रमाणित पॉलिसी आहे. अटी सगळीकडे सारख्या, प्रीमियम मात्र वेगळा. रूम रेंट रकमेच्या २ टक्के, पण जास्तीत जास्त ५,०००; आयसीयू ५ टक्के, जास्तीत जास्त १०,०००; को-पे ५ टक्के; मोतीबिंदूला प्रत्येक डोळ्यामागे २५ टक्के किंवा ४०,०००, यांत जे कमी असेल ते. बारकाईने बघा: अडीच लाखांनंतर रक्कम कितीही वाढवली तरी रूम ५,००० लाच अडकते. बदलापूरच्या नर्सिंग होममध्ये डेंग्यू, अपेंडिक्स, हात मोडणं एवढ्याला ती छान चालते. ठाण्यात बायपास करायची तर वरचं गणित लागू.

तुलनेसाठी मात्र ती फार उपयोगी आहे. अटी सारख्याच असल्याने तुमच्या वयाला आणि पिनकोडला कोणती कंपनी मुळात महाग आहे ते तिच्या प्रीमियमवरून लगेच कळतं.

हिशेबनीस
प्रश्न १. नुसती ५ लाखांची घेऊ नये, आणि एकदम २५ लाखांच्या मूळ पॉलिसीचीही गरज नाही. मूळ पॉलिसी ५ लाख आणि वर ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप, म्हणजे पहिले ५ लाख सोडून वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी. टॉप-अप आणि *सुपर* टॉप-अप यांत गल्लत करू नका. वर्षात दोनदा ॲडमिट झालात, ४ लाख आणि ३ लाख. साधा टॉप-अप प्रत्येक ॲडमिशन वेगळं मोजतो, दोन्ही ५ लाखांच्या आत, म्हणून शून्य देतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज बघतो, ७ लाख, आणि वरचे २ लाख देतो.

अनुस्वार
इथे थोडा मतभेद. मूळ पॉलिसी एका कंपनीची आणि सुपर टॉप-अप दुसऱ्या कंपनीचा असेल तर फाइल दोनदा फिरते. पहिली कंपनी मूळ कागद ठेवून घेते. दुसरीला सेटलमेंट लेटर आणि हॉस्पिटलच्या शिक्क्याच्या प्रती लागतात. डिस्चार्जच्या दिवशीच सगळ्या कागदांच्या दोन शिक्केवाल्या प्रती मागून घ्या. महिन्याने गेलात तर मेडिकल रेकॉर्डवाला "पुढच्या मंगळवारी या" म्हणतो. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर हे टळतं. शिवाय वेटिंग दोन्हीकडे सारखंच आहे का तेही तपासा. मूळ पॉलिसीत आजाराचं वेटिंग संपलंय आणि सुपर टॉप-अपमध्ये एक वर्ष उरलंय, असं झालं तर वरची रक्कम अडकते.

हिशेबनीस
@अनुस्वार मान्य. पण प्रीमियममध्ये बराच फरक असेल तर दोनदा फाइल फिरवायला माझी हरकत नाही. ज्याची त्याची सोय.

क्लेमडेस्क
प्रश्न ४. लिहाच. गोळीचं नाव, डोस आणि सुरू झाल्याचं वर्ष, तिन्ही.

आधीचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत त्याचं वेटिंग जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होतं. थायरॉइड लिहिल्याने फार तर थोडं लोडिंग (जादा प्रीमियम) लागेल किंवा वेटिंग. न लिहिल्याचा फटका भलतीकडेच बसतो. पित्ताशयाच्या खड्यांसाठी ॲडमिट झालात, रात्रपाळीच्या डॉक्टरने हिस्ट्री लिहिताना 'थायरॉइड, ५ वर्षं' असं टाकलं. पॉलिसी दोन वर्षांची. खड्यांचा थायरॉइडशी संबंध नसला तरी कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढते, आणि क्लेमबरोबर पॉलिसीच धोक्यात येते. सलग ६० महिने झाल्यावर सिद्ध झालेली लबाडी सोडून कंपनीला हा मुद्दा काढता येत नाही. पण पहिली पाच वर्षं तो काढता येतो.

याच कारणासाठी डिस्चार्ज समरी सही व्हायच्या आधी वाचा. 'कधीपासून' हा आकडा बऱ्याचदा अंदाजाने लिहिलेला असतो. चुकला असेल तर जुना रिपोर्ट दाखवून तिथेच दुरुस्त करून घ्या. नंतर केलेली दुरुस्ती संशयाने बघतात.

फॉर्म एजंटला भरू देऊ नका. ओटीपी दिलात की त्यातला मजकूर तुमचा. पॉलिसीसोबत प्रपोजल फॉर्मची प्रत येते, त्यात 'कोणताही आजार नाही'वर खूण दिसली तर लगेच लेखी कळवा. फ्री-लूक आता ३० दिवसांचा आहे. पटलं नाही तर परत करता येते. कव्हर मिळालेल्या दिवसांचा प्रीमियम, स्टॅम्प ड्यूटी आणि तपासणीचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात.

एसटीथांबा
एजंटने कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी लावलाय का बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. जुनं एक्सेल शीट अजून फिरत असेल. सोसायटी किंवा संस्थेमार्फत मिळणाऱ्या ग्रूप पॉलिसीला ही सूट लागू नाही, म्हणून 'ग्रूपमध्ये स्वस्त' हे आता करासकट तपासा.

आणि एक, जे विमा विकणारे कधीच सांगत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्डाच्या रंगाचं बंधन नाही, पांढऱ्या कार्डवालेही बसतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, ठरावीक उपचारांसाठी, योजनेतल्याच हॉस्पिटलांत. रेशनकार्डावर नाव आणि पत्ता अद्ययावत नसेल तर नेमकं तेव्हाच अडतं. नव्या वस्तीत आलेल्यांची कार्डं जुन्या पत्त्यावर असतात, ते काम आधी करा. घरात ७० वर्षांवरचं कोणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे खासगी पॉलिसीऐवजी नाही, पण प्रीमियम परवडत नाही म्हणून काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

निवांत
हप्त्याने भरलं तर चालतं का? वर्षाचं एकदम जड जातं.

हिशेबनीस
चालतं. पण महिन्याच्या हप्त्याला सवलतीची मुदत १५ दिवस, तिमाही-सहामाही-वार्षिकला ३० दिवस. हप्ते असतील तर सवलतीच्या मुदतीतही कव्हर चालू राहतं. वार्षिक पॉलिसीचं नूतनीकरण लांबलं तर पॉलिसीचं सातत्य टिकतं, पण मधल्या दिवसांतलं आजारपण मिळत नाही. ऑटो-डेबिटचं कार्ड बदललं की हप्ता गुपचूप परत जातो, तेवढ्यावर लक्ष ठेवा. करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत आणि रोख भरलेल्या प्रीमियमला नाही.

गारवेल
समजा जवळचं छोटं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नाही, पण नोंदणी आहे. मग?

क्लेमडेस्क
दोन वाटा. जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे: ठरलेल्या ऑपरेशनच्या ४८ तास आधी किंवा तातडीचं असेल तर ॲडमिट झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचं. पण हॉस्पिटलची तयारी लागते, आणि छोटी हॉस्पिटलं पैसे उशिरा येतील म्हणून नाही म्हणतात.

दुसरी वाट रीइम्बर्समेंट. तिथे छोट्या हॉस्पिटलांच्या बिलांत ठरावीक खोड्या निघतात:

- 'पॅकेज ४५,०००' अशी एकच ओळ. रूम, सर्जन, ओटी, औषधं वेगवेगळी मागा.
- पावतीला क्रमांक नाही किंवा ती साध्या चिठ्ठीवर.
- सर्जनची फी त्यांच्या स्वतःच्या लेटरहेडवर वेगळी. ती हॉस्पिटलच्या अंतिम बिलात यायला हवी.
- बिलावर नोंदणी क्रमांक नाही.
- औषधांची बिलं आहेत, चिठ्ठ्या नाहीत. स्टेंट, प्लेट किंवा लेन्स बसवली असेल तर तिचं स्टिकर फाइलमध्ये हवंच.
- तापाची ॲडमिशन आणि समरीत 'निरीक्षणासाठी दाखल' एवढंच. नुसत्या तपासणीसाठीची ॲडमिशन वगळलेली असते. शिरेतून कोणती औषधं दिली, ताप किती होता, प्लेटलेट किती होत्या, हे केसपेपरमध्ये दिसलं पाहिजे.

अनुस्वार
कॅशलेसमधला 'डिस्चार्ज मिळाला पण बिल क्लिअर नाही' हा प्रकारही आहे. नियमाने प्राथमिक मंजुरी एका तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्यापुढच्या उशिराचा हॉस्पिटलचा जादा आकार कंपनीने सोसायचा. पण घड्याळ सुरू होतं ते डेस्कवरून विनंती कंपनीला गेल्यावर, डॉक्टरांनी 'घरी जा' म्हटल्यावर नाही. सकाळी राउंड झाल्या झाल्या टीपीए डेस्कला "फाइल किती वाजता अपलोड केली?" असं विचारा आणि वेळ लिहून घ्या. तक्रार करावी लागली तर तोच पुरावा.

तळटीप
तक्रारीचा क्रम: आधी कंपनीचा तक्रार अधिकारी, लेखी. सोबत विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल; ठाणे, मुंबई आणि पुणे, तिन्हीकडे कार्यालय आहे. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतचे दावे, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत. नकार देताना पॉलिसीतलं नेमकं कलम लिहून मागा. 'अटींनुसार देय नाही' एवढ्यावर गप्प बसू नका.

गारवेल
सगळ्यांचे आभार. शनिवारी दरपत्रकांची फेरी. शेवटचं: पुढे-मागे पुण्याकडे गेले तर पॉलिसी नवी घ्यावी लागेल का?

तळटीप
नाही. पत्ताबदल कंपनीला कळवा, त्याची नोंद पॉलिसीवर लेखी करून घ्या. झोन बदलला तर प्रीमियमचा फरक पुढच्या नूतनीकरणाला लागेल, काही कंपन्या लगेच लावतात. तिकडे कंपनीचं नेटवर्क तोकडं निघालं तर पोर्ट करा (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे हलवा), अर्ज नूतनीकरणाच्या ४५ दिवस आधी. भोगलेलं वेटिंग सोबत जातं, पण जुन्या रकमेपुरतंच. ५ लाखांवरून १० लाखांवर गेलात तर वरच्या ५ लाखांना घड्याळ नव्याने सुरू. आणि नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नका, नव्या कंपनीला नाही म्हणायचा हक्क असतो.